काटापट्ट्या, सभासद यादी आणि विम : खरीप २०२५ च्या प्रकल्प नोंदी

१ जून २०२५, रविवार

हंगामाच्या आधी आमच्या शेतकरी कंपनीनं तीन कामं माझ्या गळ्यात घातली आहेत. पहिलं, सभासदांची यादी एकसारखी करायची. हजारावर नावं आहेत, दरवर्षी वेगळ्याच माणसानं टाइप केलेली, आणि प्रत्येकाचं शुद्धलेखन स्वतंत्र. दुसरं, गेल्या हंगामाच्या काटापट्ट्या. वजनकाट्याच्या कॉम्प्युटरमधून त्या साध्या मजकुराच्या फायलीत निघतात, त्यांचा नीट तक्ता करायचा. तिसरं, रोज सकाळी सभासदांना भावाचा एसएमएस जातो, ती छोटी यंत्रणा भाड्याच्या सर्व्हरवर चालते. तिच्या फायली सांभाळायच्या.

तिन्ही कामांत नवीन लिहायचं फार थोडं. जे आधीच लिहून ठेवलंय ते दुरुस्त करायचं. लॅपटॉप नागपूरहून आणलेला सेकंडहँड, चार जीबी रॅमचा. मोठी यादी उघडली की पंखा ओरडतो, आणि व्हीएस कोड हा मोठा एडिटर चालवायचा तर ब्राउझर बंद करावा लागतो.

विम, म्हणजे सगळं कीबोर्डवरूनच चालवायचा एक मजकूर-एडिटर, तो शीक म्हणून पुण्याचा मावसभाऊ केव्हाचा मागे लागलाय. त्याची भक्ती पाहून मला उलट संशयच येतो. विमवाला दुसऱ्याला उपदेश केल्याशिवाय राहत नाही, पण तुझं काम नेमकं कुठं वाचलं ते सांग म्हटलं की उत्तर गोलमोल. म्हणून या नोंदी. पोळ्यापर्यंत ही तिन्ही कामं विममध्येच करायची, मग ठेवायचं की सोडायचं ते ठरवायचं. टायपिंगचा वेग मोजणार नाही. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात बसून कुणाचं काम टायपिंगच्या वेगावर अडत नाही, ते लाइन आणि नेटवर्कवर अडतं. बघायचं एवढंच : कंटाळवाणं काम कमी होतं का, आणि चुकलं तर ते सापडतं का.

४ जून

विमसोबत विमट्यूटर नावाचा धडा येतो. अर्ध्या तासाचा म्हणतात, होतोही तेवढ्यात. त्यात नुसतं वाचायचं नसतं, त्याच फायलीतल्या चुका सुधारत पुढं सरकायचं. पद्धत आवडली.

पहिली ठेच सगळ्यांना एकाच जागी लागते. विम उघडतो तो नॉर्मल मोडमध्ये, तिथं प्रत्येक बटण म्हणजे हुकूम. लिहायचं तर आधी आय दाबून इन्सर्ट मोडमध्ये जायचं, लिहून झालं की एस्केप. बाहेर पडायला कोलन, क्यू, एंटर. ‘विममधून बाहेर कसं पडायचं’ हा स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता, तेव्हा अडकण्याची लाज वाटायचं कारण नाही. ट्रॅक्टरवाला खाली उतरताना गिअर न्यूट्रलला टाकतो, तसं लिहिणं थांबलं की एस्केप, ही सवय बोटांना लागली की निम्मा गोंधळ मिटतो.

कर्सर हलवायला बाणांऐवजी एच, जे, के, एल. हे कुणाच्या डोक्यातलं फॅड नाही. विमचा पूर्वज व्हीआय. तो बिल जॉय यांनी १९७६ मध्ये बर्कलीला लिहिला. त्यांच्यापुढं एडीएम-३ए नावाचं टर्मिनल होतं आणि त्याच्या कीबोर्डवर बाण याच चार बटणांवर छापलेले होते. एस्केपही आज टॅब असतं त्या जागी, हाताशी. पुढं कीबोर्ड बदलले, एस्केप कोपऱ्यात गेलं, सवयी मात्र तशाच राहिल्या. मी कॅप्स लॉकलाच एस्केप करून टाकलं. मराठी लिहिणाऱ्याला कॅप्स लॉक तसाही कशाला लागतो?

९ जून

मृग लागला, पण पेरणीची घाई कुणी करेना. मी भावाच्या फायलीवर बसलो.

केंद्रानं २८ मेला खरिपाचे हमीभाव जाहीर केलेत. सोयाबीन ४,८९२ वरून ५,३२८, तूर ७,५५० वरून ८,०००, मध्यम धाग्याचा कापूस ७,१२१ वरून ७,७१०, लांब धाग्याचा ७,५२१ वरून ८,११०. हे कागदावर. बाजारात सोयाबीन अजून जुन्या हमीभावाच्याही खाली विकून राहिलंय, पण तो विषय इथं काढला तर नोंदवही पुरायची नाही.

फायलीत भाव, पावती क्रमांक आणि मोबाईल नंबर सगळं एकत्र आहे. सरसकट ४८९२ च्या जागी ५३२८ घातलं तर कुणाच्या तरी मोबाईल नंबराच्या पोटातलेही चार आकडे बदलतील आणि त्याचा एसएमएस भलत्याच गावाला जाईल. विमच्या शोधात आकड्याच्या दोन्ही अंगांना शब्दाची हद्द आखता येते. हुकमाच्या शेवटी सी लावलं की तो प्रत्येक जागी थांबून विचारतो. पूर्ण शब्द शोधायची सोय इतर एडिटरांतही असते, तेव्हा याचं श्रेय विमला द्यायचं कारण नाही.

मला पटलं ते टिंब. एका जागी सी-आय-डब्ल्यू म्हणालो, म्हणजे कर्सरखालचा अख्खा शब्द काढून नवीन लिही. मग एन दाबून पुढच्या जागी गेलो आणि नुसतं टिंब दाबलं. मघाचा अख्खा बदल तिथं पुन्हा झाला. नको तिथं टिंब नाही दाबायचं, पुढं जायचं. एन, टिंब, एन, एन, टिंब. डोळे मजकुरावर, निर्णय माझा, मजुरी त्याची.

शेजारचे मामा दारातून वाकून पाहत होते. “काहून रे, माउस बिघडला काय?”

१६ जून

रात्री वारा सुटला आणि लाइन गेली. लाइन गेली की टॉवरही थोड्या वेळानं मान टाकतो. लॅपटॉपची बॅटरी नावालाच आहे, तो जागच्या जागी बंद पडला. सभासद यादी उघडीच होती.

सकाळी विमनं फाईल उघडतानाच इशारा दिला, की या फायलीची स्वॅप फाईल सापडली, काय करू? पर्यायांत एक ‘रिकव्हर’ होता. तो घेतला, सगळं परत आलं. बहुतेक शेवटचे काही शब्द गेले असतील, मला तेही ओळखू आले नाहीत. दोनशे अक्षरं टाइप झाली किंवा चार सेकंद हात थांबला की विम आपली स्वॅप फाईल डिस्कवर लिहून ठेवतो, मी सेव्ह करो न करो. परत मिळालेला मजकूर सेव्ह करायचा आणि जुनी स्वॅप फाईल आठवणीनं पुसायची, नाहीतर तोच इशारा रोज. गावठाण फीडरवर राहणाऱ्याला ही एक सोय बाकी दहा गुणांपेक्षा मोठी वाटेल. मला वाटली.

सर्व्हरचं गणित वेगळं. तिथं विम दूरच्या मशिनवर चालतो आणि इथं फक्त त्याचा पडदा दिसतो. नेटवर्क एका काडीवर असलं की अक्षर दाबल्यावर उमटायला वेळ लागतो. अशा वेळी बाण दाबत एकेक घर सरकणं म्हणजे शिक्षा. त्याऐवजी अठ्ठेचाळीस-मोठा जी, की थेट अठ्ठेचाळिसाव्या ओळीवर. डी-डी, की ओळ गेली. बटणं मोजकी, म्हणून वाट पाहणंही मोजकं.

हे असं का, तेही वाचनात आलं. बिल जॉय घरून काम करायचे ते ३०० बॉडच्या मोडेमवर, म्हणजे सेकंदाला जेमतेम तीस अक्षरं. ऐंशी अक्षरांच्या चोवीस ओळींचा एक पडदा भरायला मिनिटाहून जास्त लागणार. तुटक हुकूम हा हौसेचा मामला नव्हता, लाइनच तशी होती. अर्ध्या शतकानंतर आमच्या टॉवरखाली ती काटकसर जशीच्या तशी उपयोगी पडते, याचं हसावं की रडावं?

सर्व्हरवर टीमक्स लावून घेतलं. मधेच कनेक्शन तुटलं तरी तिकडं विम उघडाच राहतो. पुन्हा जोडलं की कर्सर होता तिथंच.

२८ जून

काटापट्ट्या. या कामासाठी अख्खा आठवडा बाजूला ठेवला होता.

काट्याच्या कॉम्प्युटरमधून येणारी फाईल अशी : ‘पावती क्र.’ ने सुरू होणारी ओळ, खाली तारीख, गाडी नंबर, भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ वजन. मग पुढची पावती. तक्त्यासाठी एका पावतीची एकच ओळ हवी.

सोपा मार्ग म्हणजे सहा ओळी जोडायचा हुकूम मॅक्रोत, म्हणजे रेकॉर्ड करून पुन्हा चालवता येणाऱ्या बटणांच्या मालिकेत, भरायचा आणि शंभर वेळा चालवायचा. पण पट्ट्या सहा ओळींच्या असतातच असं नाही. गाडी नंबर टाकला नसेल तर पाचच ओळी, आणि कुणी ‘ओला माल’ असा शेरा मारला तर सात. मोजून जोडलं की एका पावतीचं निव्वळ वजन दुसऱ्या पावतीच्या पोटात जातं आणि तिथून खाली सगळंच सरकतं. शिवाय तक्ता दिसायला ठीकठाक दिसतो, ही त्यातली खरी धोक्याची गोष्ट.

म्हणून मोजायचं सोडून आकार सांगितला. क्यू-ए दाबून रेकॉर्डिंग सुरू. मोठा व्ही, म्हणजे इथून पूर्ण ओळी धर. मग ओळीच्या सुरुवातीला असलेल्या पुढच्या ‘पावती’पर्यंत शोध. के, एक ओळ मागं. मोठा जे, धरलेल्या सगळ्या ओळी जोड. जे, खालच्या ओळीवर ये. क्यू, रेकॉर्डिंग बंद. आता पावती पाच ओळींची असो की सात, ती पुढच्या पावतीच्या तोंडाशीच संपणार.

यात एक मेख आहे. शोध फायलीच्या तळाशी पोचला की विम वरून पुन्हा सुरू करतो. शेवटच्या पावतीला खाली ‘पावती’ सापडत नाही, मग तो पहिलीवर उडी मारतो आणि निवड उलटी वरपर्यंत ताणली जाते. त्यासाठी नो-रॅप-स्कॅन ही सेटिंग आधी लावायची. मग शेवटच्या पावतीवर शोध फसतो, आणि एखादी हालचाल फसली की मॅक्रो तिथंच थांबतो. फसणं हेच थांबायचं चिन्ह. एक हजार, ॲट, ए असं सांगून टाकायचं, तो संपेल तिथं संपतो. शेवटची पावती हातानं जोडायची.

चहा व्हायच्या आत काम झालं. मग तपासणीला बसलो. कोलन-जी हा हुकूम एखाद्या नमुन्यात बसणाऱ्या किंवा न बसणाऱ्या तेवढ्याच ओळी काढून दाखवतो. ज्या ओळीत ‘निव्वळ’ नाही त्या दाखव म्हटलं. निघाल्या थोड्याशा : गाडी भरलेली तोलली, पण रिकामी परत काट्यावर आलीच नाही अशा. या पट्ट्यांचे पैसे कोणत्या वजनावर दिले गेले, हा प्रश्न आता माझ्याकडून संचालकांकडे गेलाय.

हे काम स्प्रेडशीटमध्ये मला जमलं नसतं. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येणाऱ्यानं दहा ओळींत केलं असतं, हेही खरं. फरक इतकाच, की मॅक्रो लिहावा लागला नाही. एक पावती हातानं जोडून दाखवली, बाकीच्या त्यानं जोडल्या.

७ जुलै

आता मराठी. इथं मावसभावाची भक्ती उपयोगाची नाही, तो मराठीत ईमेलसुद्धा लिहीत नाही.

मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे मराठी कीबोर्डच्या एका मांडणीवर, टाइप करतो. इन्सर्टमध्ये एखादं नाव लिहिलं, एस्केप दाबलं, खाली जायला जे दाबलं. पण कीबोर्ड अजून मराठीवरच आहे, त्यामुळं विमला मिळालं र. एच, जे, के, एल म्हणजे इनस्क्रिप्टवर प, र, क, त. डी-डी म्हणजे दोन हलन्त, अक्षराचा पाय मोडायच्या खुणा. विमला यातलं काही कळत नाही. दर शब्दागणिक एस्केप आणि वर कीबोर्ड बदल, असं चालत राहिलं तर माणूस आठवड्यात विम सोडेल, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

लँगमॅप नावाची सेटिंग आहे. तिच्यात प म्हणजे एच, र म्हणजे जे असं लिहून देता येतं. अक्षरांचं जमलं, मात्रांचं आणि हलन्ताचं माझ्याकडून जमेना. मग कीबोर्ड आपोआप बदलणारी युक्ती पाहिली : इन्सर्ट सोडलं की इंग्रजी, इन्सर्टमध्ये शिरलं की मराठी. ही चालते, पण अर्धवट. एफ दाबून ‘ओळीतल्या पुढच्या क वर जा’ म्हणायचं असेल तर नॉर्मल मोडमध्येच मराठी अक्षर लागतं. शोधतानाही तेच.

उपाय निघाला तो विमच्या पोटातूनच, कीमॅप. कीबोर्ड कायम इंग्रजीवर ठेवायचा आणि बटणाचं मराठी अक्षर विमनंच करायचं. तेही फक्त जिथं मजकूर अपेक्षित आहे तिथं : इन्सर्टमध्ये, शोधाच्या ओळीत, आणि एफ किंवा आर (एक अक्षर बदलायचा हुकूम) नंतरच्या एका अक्षरासाठी. हुकूम इंग्रजीच राहतात. चालू-बंद करायला कंट्रोल आणि सहाचं बटण.

इनस्क्रिप्टची कीमॅप फाईल स्वतः लिहिली. एका ओळीत एक बटण आणि त्याचं अक्षर, बस. के ला क, शिफ्ट-के ला ख. डी ला हलन्त. शिफ्ट-एन ला ळ. इनस्क्रिप्टमध्ये एका बटणाला एक अक्षर असल्यामुळं ही फाईल सरळ तक्ता झाली. फोनेटिकवाल्यांना, म्हणजे इंग्रजी स्पेलिंगनं मराठी लिहिणाऱ्यांना, एवढं सोपं जाणार नाही, तिथं काना-मात्रा आधी काय टाइप झालं त्यावर ठरते.

टर्मिनलमधला (नुसते हुकूम टाइप करायच्या खिडकीतला) मराठी मजकूर मात्र आमच्याकडं धड दिसत नाही. जोडाक्षरं फुटतात, कर्सर एका जागी दिसतो आणि खोडलं जातं दुसरंच. म्हणून यादीचं काम जीविममध्ये, म्हणजे विमच्याच स्वतःच्या वेगळ्या खिडकीत. सर्व्हरच्या फायलींत इंग्रजी आणि आकडेच जास्त, त्या टर्मिनलमध्येच ठीक.

एक गोष्ट नव्या माणसाला दचकवते. एक्स दाबलं की ‘का’ अख्खं जातं, काना मागं राहत नाही. ते बरंच आहे. पण ‘लक्ष्मण’ मधल्या क्ष वर एक्स दाबलं तर फक्त क् जातो आणि ‘लष्मण’ उरतो. मात्रा आणि हलन्त विम मागच्या अक्षराचाच भाग धरतो, जोडाक्षराला मात्र एक मानत नाही. फक्त मात्राच खोडायची असेल तर डेलकंबाइन ही सेटिंग आहे. मी ती बंदच ठेवली.

१९ जुलै

यादीत वऱ्हाडे, बऱ्हाटे, कऱ्हाळे ही आडनावं बरीच. गावातला माणूस फोन करतो, “भाऊ, माह्यं नाव यादीत काऊन नाही?” यादीत तर ते डोळ्यांना स्वच्छ दिसतं, पण शोध लावला की सापडत नाही.

कर्सर र वर नेऊन जी-ए दाबलं. कर्सरखाली खरोखर काय बसलंय त्याचा युनिकोड क्रमांक (प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला आकडा) विम तळाशी दाखवतो, सोबतच्या मात्रांसकट. काही नावांत होता ०९३१, म्हणजे अर्ध्या र साठीचं वेगळं अक्षर, इनस्क्रिप्टवर शिफ्ट-जे नं येतं ते. काही नावांत होता साधा र, ०९३०, त्याला हलन्त आणि त्यामागं एक अदृश्य जोडक. आणि काही ठिकाणी साधा र, त्याखाली नुक्ता (टिंब), मग हलन्त. पडद्यावर तिन्ही अगदी सारखे दिसतात. शोधणाऱ्या मशिनला ती तीन वेगळी नावं.

अदृश्य जोडक जीविममध्ये लपत नाही. कोनी कंसात, २००डी म्हणून तो उघडाच दिसतो. आधी मला ती घाण वाटली होती, यादी खराब झाली की काय म्हणून. इतर प्रोग्राम तो झाकून ठेवतात आणि त्यामुळंच वर्षानुवर्षं तो कुणाला सापडला नव्हता. दोन बदलांत तिन्ही प्रकार एकावर आणले. फोनवाल्याचं नाव आता सापडतं.

दुसरा प्रश्न याहून नाजूक. वानखडे आणि वानखेडे. राठोड आणि राठौड. टाइप करणाऱ्यानं कानानं ऐकलं तसं लिहिलं. नमुन्यात कुठंही उलटी तिरकी रेघ आणि मोठा झेड घातला की विम सगळ्या मात्रा बाजूला ठेवून फक्त मूळ अक्षरं जुळवतो. वानखडे शोधलं की व, न, ख, ड या सांगाड्यात बसणारं सगळं पुढं येतं, मात्रा कोणतीही असो किंवा नसो. मॅन्युअलमध्ये ही सोय दोन-तीन वाक्यांत आटोपली आहे. मराठी यादीवाल्यानं ती भिंतीवर लिहून ठेवावी.

(अर्ध्या र च्या बाबतीत मोठा झेड कामाला येत नाही. ०९३१ हे मूळ अक्षरच वेगळं आहे.)

पण सापडलं म्हणजे बदलायचं, असं नाही. वानखडे आणि वानखेडे ही दोन्ही खरी आडनावं आहेत आणि दोन्ही कुळं आमच्याच यादीत आहेत. सातबाऱ्यावर जसं असेल तसंच लिहावं लागतं, नाहीतर उद्या पैसे खात्यावर जमा व्हायला अडतात. म्हणून संशयित ओळींची छापील यादी काढली आणि आठ-अ चे उतारे घेऊन एकेक ताडतोय. एडिटरनं कुठं पाहायचं ते दाखवलं. पाहायचं काम माझंच आहे.

२ ऑगस्ट

ऑफिसात डेटा एंट्री करणाऱ्या ताईला दाखवलं. ती हुशार आहे, मॅक्रो पाहून “बाप्पा!” म्हणाली. मग शांतपणे म्हणाली, “दादा, मले एका टायमाले एकच नाव दुरुस्त करा लागते. त्याच्यासाठी येवढं कायले शिकू?”

तिचं बरोबर आहे. तिच्याकडं माणूस समोर येऊन बसतो, कागद दाखवतो, ती फॉर्म भरते. हजार ओळींना एकच बदल करायची वेळ तिच्यावर येत नाही. त्यातून तिनं गावनिहाय क्षेत्राची बेरीज स्प्रेडशीटमध्ये माझ्यासमोर काढून दाखवली. फिल्टर लावला, खाली उत्तर. विममध्ये असली बेरीज करायला बसणं हा हट्ट झाला. रकाने आणि आकडे हे त्याचं रान नव्हे.

मला मिळालेलं उत्तर तिच्या प्रश्नातच आहे. ज्याच्या पुढ्यात रोज दुसऱ्यांनी लिहिलेला, वाकडातिकडा, एकाच तऱ्हेनं बिघडलेला मजकूर येतो, त्यानं शिकावं. ज्याला कोरा फॉर्म भरायचाय त्यानं वेळ घालवू नये. आणि शिकणाऱ्यानं पहिले काही आठवडे आपण पहिल्यापेक्षा हळू काम करणार, हे धरूनच बसावं. जून महिना माझा तसाच गेला. ऐन पेरणीत किंवा ऐन खरेदीत याचा नाद लावून घेणं परवडणारं नाही.

३ ऑगस्ट

विम लिहिणारे ब्रॅम मोलेनार २०२३ मध्ये याच तारखेला गेले. मूळचे नेदरलँड्सचे. विमची पहिली आवृत्ती १९९१ ची, अमिगा कॉम्प्युटरसाठी. तेव्हापासून तीस वर्षांहून जास्त त्यांनी तो सांभाळला आणि फुकटच दिला. उघडल्या उघडल्या पडद्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी ओळ येते, ती त्यांचीच. किबाले भागातल्या मुलांच्या संस्थेसाठी ते मदत गोळा करत. २ जानेवारी २०२४ ला आलेली ९.१ ही आवृत्ती त्यांना अर्पण केलेली आहे. बाकीच्यांनी काम पुढं चालू ठेवलंय, म्हणजे उद्या हे बंद पडेल ही भीती सध्या तरी नको.

१० ऑगस्ट

प्लगइनच्या, म्हणजे वरून बसवायच्या जोडण्यांच्या, नादाला लागायचं नाही असं ठरवलं. मावसभाऊ निओविम वापरतो. ती २०१४ मध्ये सुरू झालेली विमची वेगळी शाखा. त्याची सेटिंगची फाईल माझ्या सभासद यादीएवढी असेल. रंग, चिन्हं, डावीकडं फायलींचं झाड. ते सजवण्यातच त्याचे रविवार जातात, काम सोमवारी जिथल्या तिथं.

माझ्या फायलीत कीमॅप, नो-रॅप-स्कॅन, कॅप्स लॉकची एक टीप, आणि अनडूफाईल. ही शेवटची सेटिंग आवृत्ती ७.३ पासून, म्हणजे २०१० पासून आहे. फाईल बंद करून, मशिन बंद करून दुसऱ्या दिवशी उघडलं तरी कालचे बदल मागं घेता येतात. ‘दहा मिनिटांपूर्वी होतं तसं कर’ असाही हुकूम आहे. काटापट्ट्यांवर काम करताना त्याच्या भरवशावर मी बिनधास्त होतो.

२४ ऑगस्ट, रविवार

पोळा झाला, काल तान्हा पोळाही झाला. ठरल्याप्रमाणं निकाल.

काटापट्ट्या आणि सभासद यादी विममध्येच राहणार. काटापट्टीचा मॅक्रो सेटिंगच्या फायलीत लिहून ठेवला. मॅक्रो म्हणजे शेवटी अक्षरांची एक ओळच असते, ती इतर मजकुरासारखी जपता येते. सोयाबीन काट्यावर यायला लागलं की पुन्हा तीच वापरायची. सर्व्हरवरही विम, कारण तिथं तो आधीपासून बसवलेला होता आणि लाइन कमजोर असताना दुसरं काही इतकं निभत नाही. संचालक मंडळाचं इतिवृत्त, अर्ज, पत्रं मी पूर्वीसारखी साध्या वर्ड प्रोसेसरमध्ये लिहीन. मराठीतला सलग मजकूर लिहिताना मोडची अदलाबदल मला अजूनही खुपते, आणि तिथं दुरुस्त करण्यासारखं एकसारखं काही नसतंच. गावनिहाय बेरजा ताईकडं.

मावसभावाला एवढं कळवलं. तो खूश झाला आणि लगेच स्वतःची सेटिंगची फाईल पाठवली. ती उघडली नाही.

आज एक जुनी यादी हाती आली, कंपनी होण्याआधीच्या बचत गटांची. झेरॉक्सवाल्याकडं कृतिदेवमध्ये टाइप केलेली. विममध्ये ती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, कारण आत खरोखर इंग्रजी अक्षरंच आहेत आणि मराठी दिसतं ते फक्त फाँटमुळं. डी म्हणजे क, के म्हणजे काना, एच म्हणजे दीर्घ वेलांटी. इथवर सरळ बदली करून निभेल. पण एफ ही ऱ्हस्व वेलांटी, आणि ती कृतिदेवमध्ये अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. जोडाक्षर असेल तर तिला पूर्ण जोडाक्षर ओलांडून न्यावं लागेल, आणि रफाराची उडी याच्या उलट दिशेची. हे मॅक्रोचं काम नाही. पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहीन आणि निघालेला मजकूर विममध्ये मोठा झेड लावून सध्याच्या यादीशी ताडून पाहीन. आधी झेरॉक्सवाल्याला विचारायचंय, त्यानं कृतिदेवचा नेमका कोणता फाँट वापरला होता.